साध्या कॉम्प्युटरवर सीसीटीव्ही रेकॉर्डिंग : कोल्हापुरातनं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतला मेडिकलवाला असू दे, शिरोली एमआयडीसीतला वर्कशॉपवाला असू दे नाहीतर कळंब्यात नवीन घर बांधलेलं कोण असू दे, फिरून फिरून प्रश्न तेच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. वरनं खाली वाचलंच पाहिजे असं काय नाही, आपला प्रश्न हुडका आणि तेवढं वाचा. फक्त पहिला प्रश्न सोडू नका, बाकीची निम्मी उत्तरं त्यातनंच निघत्यात.

घरात जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्यावर रेकॉर्डिंग चालंल का?

बहुतेक वेळा चालतंय. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आयपी कॅमेरा, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर नाहीतर वायफायवर चालणारा, व्हिडिओ स्वतःच कॉम्प्रेस करून पाठवतो, एच.२६४ मध्ये नाहीतर एच.२६५ मध्ये. कॉम्प्युटरनं तो आला तसा हार्ड डिस्कवर लिहायचा म्हटलं तर त्याला काहीच कष्ट नाहीत, चार काय आठ कॅमेरे असले तरी दहा वर्षं जुनी मशीन लिहून काढती. जीव कुठं जातो, तर तोच व्हिडिओ उलगडून स्क्रीनवर दाखवायला, त्यात माणूस हलला का गाडी हलली हे बघायला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे उलगडलेला व्हिडिओ परत कॉम्प्रेस करून साठवायला. दूध डेअरीत कॅन आला तसा उतरून ठेवणं वेगळं आणि प्रत्येक कॅनचं झाकण काढून फॅट लावत बसणं वेगळं, तसला प्रकार आहे हा. त्यामुळं 'माझा पीसी पुरंल का' ह्याचं उत्तर कॅमेऱ्याच्या आकड्यावर कमी आणि तुम्ही कॉम्प्युटरकडनं काय काय करून घेणार ह्यावर जास्त अवलंबून असतंय.

आता आकड्यात सांगायचं तर इंटेलचा आय-फाईव्ह, सहाव्या जनरेशनचा किंवा पुढचा, ८ जीबी रॅम, एवढं असलं की घर-दुकानासाठी बास. सहावी जनरेशन का, तर एच.२६५ व्हिडिओ हार्डवेअरमध्येच उलगडायची सोय इंटेलच्या प्रोसेसरात नीट तिथनं आली. ह्या सोयीचं नाव क्विक सिंक, ती तशी २०११ पासनं आहे पण जुन्या प्रोसेसरात ती एच.२६४ पुरतीच. म्हणजे चौथ्या जनरेशनची मशीन असली तर टाकून देऊ नका, कॅमेरे एच.२६४ वर ठेवा आणि वापरा. एक खोच लक्षात ठेवा, ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावापुढं 'एफ' असतंय त्यात ग्राफिक्स नसतंच, मग क्विक सिंकही नाही. गेमिंगवाला पोरगा 'माझा जुना पीसी घे काका' म्हणला तर आधी ते बघा.

मग सरळ डीव्हीआर किंवा एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा तयार डब्बा, का घेऊ नये?

घ्या की. खरं सांगायचं तर ज्याला फक्त चार कॅमेरे, पंधरा दिवसाचं रेकॉर्डिंग आणि मोबाईलवर बघायला पाहिजे, आणि कॉम्प्युटरचं नाव काढलं की डोकं दुखतं, त्यानं डब्बाच घ्यावा, मी उगाच भरीस घालणार नाही. पीसीची मजा कुणाला, तर ज्याच्याकडं तीन कंपन्यांचे कॅमेरे जमलेत, ज्याला दोन-दोन महिन्याचं रेकॉर्डिंग ठेवायचंय, ज्याला 'काल दुपारी दोन ते चार मध्ये गेटातनं माणूस आत आला तेवढंच दाखव' असं शोधायचंय, किंवा ज्याला आपला व्हिडिओ कुठल्या कंपनीच्या क्लाऊडवर जायलाच नको आहे. आणि डब्बा बिघडला की तसाच पडून राहतो, पीसीचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला तर शाहूपुरीत नाहीतर लक्ष्मीपुरीत तासाभरात दुसरा मिळतोय.

माझे कॅमेरे जुने, गोल पिनच्या वायरचे आहेत. ते पीसीला जोडता येतील?

वायर थेट नाही. पूर्वी त्यासाठी कॅप्चर कार्ड मिळायची, आता त्याच्या नादाला लागू नका. डीव्हीआर आहे तसा राहू दे, त्याला लॅनची वायर राउटरला जोडलेली असतीच, सॉफ्टवेअरला त्या डीव्हीआरकडनंच आरटीएसपीनं, म्हणजे नेटवर्कवरनं लाईव्ह व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीनं, व्हिडिओ घ्यायला सांगायचं. हिकव्हिजनच्या आरटीएसपी पत्त्यात शेवटी १०१ टाकलं की पहिल्या कॅमेऱ्याचा मेन स्ट्रीम (मोठं, पूर्ण चित्र), १०२ टाकलं की त्याचाच सब स्ट्रीम (छोटं, हलकं चित्र), २०१ म्हणजे दुसरा कॅमेरा, असं सरळ गणित आहे. दाहुआचा पत्ता वेगळ्या धाटणीचा असतो, त्यात चॅनल आणि सबटाईप असे दोन आकडे लागतात, आणि सीपी प्लसच्या बऱ्याच मॉडेलना दाहुआचाच पत्ता चालतो. ह्यात दुहेरी फायदा आहे, डीव्हीआरमध्येही रेकॉर्डिंग राहतंय आणि पीसीतही, चोरानं एक उचलून नेला तरी दुसरा राहतोय.

नवीन कॅमेरा घेताना दुकानदाराला काय विचारायचं?

'ऑनव्हिफ आहे का, आरटीएसपी देतो का' एवढंच. ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी बोलावेत म्हणून २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी ह्यांनी मिळून काढलेलं स्टँडर्ड. त्यात प्रोफाईल असतात, एस असला की स्ट्रीमिंगपुरतं काम भागलं, टी असला तर एच.२६५ पण रीतसर येतंय. दुकानदार 'सगळं चालतंय साहेब' म्हणणारच, तुम्ही बॉक्सवर बघा.

बॅटरीवर चालणारे आणि फक्त ॲपमध्येच दिसणारे कॅमेरे ह्या कामाचे नाहीत. वायफायवाल्यात टॅपोचे लाईटवर चालणारे बरेचसे कॅमेरे चालतात पण त्यात एक पायरी सगळेच चुकतात, ॲपचा लॉगिन टाकून बघतात आणि 'पासवर्ड चुकीचा' म्हणून डोकं धरून बसतात. ॲपच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये 'कॅमेरा अकाउंट' म्हणून वेगळं युजरनेम-पासवर्ड तयार करावं लागतंय, ते सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, मग लगेच चित्र येतंय.

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? फुकटात पाहिजे.

फुकटात पाहिजे हे प्रश्नात असतंच, त्याशिवाय कोल्हापूरकर कसला. विंडोजवर काम करायची सवय असली आणि थोडे पैसे टाकायची तयारी असली तर ब्लू आयरिस. पैसे एकदाच, त्यात वर्षभराचे अपडेट, पुढं अपडेट नको असले तरी सॉफ्टवेअर चालू राहतंय. सेटिंग इतक्या आहेत की पहिल्यांदा उघडल्यावर माणूस घाबरतो, पण निम्म्याला हात लावायची गरज पडत नाही.

एजंट डीव्हीआर हा आयस्पाय नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा नवा अवतार, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतो, घरातल्या घरात वापरायला पैसे लागत नाहीत, धंद्यासाठी किंवा त्यांच्या सर्व्हरमधनं बाहेरनं बघायला लागतात. माइलस्टोनच्या एक्सप्रोटेक्ट इसेन्शियल प्लसमध्ये आठ कॅमेऱ्यापर्यंत फुकट आहे, मोठ्या कंपन्यात चालतं तेच घराणं, पण मशीन जरा दणकट मागतंय.

लिनक्सची भीती नसंल तर फ्रिगेट. विषय हार्ड आहे. तो डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) चालतो, माणूस-गाडी-कुत्रं ओळखतो, आणि सहाव्या जनरेशनपासनंच्या इंटेलवर ओपनविनो हे इंटेलचंच सॉफ्टवेअर वापरून हे ओळखायचं काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडनंच करून घेता येतंय, वेगळं कार्ड आणायलाच पाहिजे असं नाही. पण सेटिंग मुख्यतः फाईलमध्ये टाईप करून, एक स्पेस इकडची तिकडं झाली की सुरूच होत नाही. झोनमाईंडर पण आहे, लई जुना आणि भरवशाचा, पण आज नव्यानं सुरू करणाऱ्याला मी तो सांगत नाही.

माझं मत विचाराल तर दुकानदारानं ब्लू आयरिस, इंजिनिअरिंगच्या पोरानं फ्रिगेट, आणि ज्याला फक्त करून बघायचंय त्यानं एजंट डीव्हीआर.

सगळं जोडलं, पण सीपीयू शंभर टक्क्यावर गेलाय आणि फॅन कोकलतोय.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. नवा प्रोसेसर आणायच्या आधी हे बघा, दहातल्या नऊ ठिकाणी इथंच सुटतंय.

परवा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात असंच बघितलं. सहा कॅमेरे, सगळे ४ मेगापिक्सल, सगळे सेकंदाला २५ फ्रेमवर, आणि सहाच्या सहा मेन स्ट्रीम मोठ्या टीव्हीवर दिवसभर उघडे. वर सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम परत कॉम्प्रेस करून साठवत होतं. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयूचा ग्राफ वर चिकटलेला, सरळ रेघ. पहिलं काम केलं ते रेकॉर्डिंगचा प्रकार 'डायरेक्ट टू डिस्क' केला, म्हणजे आला तसा लिही. दुसरं, प्रत्येक कॅमेऱ्याला सब स्ट्रीमचा पत्ता दिला, आता स्क्रीनवर सहा चौकोनात दिसतं ते छोटं चित्र, मोशन पण त्याच्यावरच तपासलं जातंय, आणि एखादा कॅमेरा मोठा करून बघितला तेवढ्यापुरता मेन स्ट्रीम उघडतो. तिसरं, कॅमेऱ्यातच जाऊन २५ चे १५ फ्रेम केले. चौथं, हार्डवेअर डिकोडिंगमध्ये इंटेल निवडलं. ती सरळ रेघ खाली येऊन तळाला लोळायला लागली आणि मालक म्हणला, आता टीव्हीवर चित्र पण अडकत नाही.

१५ फ्रेमनं काय बिघडत नाही हो. माणूस चालत आला, गल्ल्यात हात घातला, गेला, हे पंधरात स्वच्छ दिसतंय. टीव्ही मालिका काढायची नाही आपल्याला.

आणि रात्री दुकान बंद झाल्यावर ती लाईव्ह खिडकी मिनिमाइझ करा. बघणारं कोण नाही तर दाखवायचं कुणाला?

हार्ड डिस्क किती टीबीची घेऊ?

अंदाजानं नको, गणित सोपं आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो ते, लिहिलेला असतो. १ एमबीपीएसला चोवीस तासाचे १०.८ जीबी होतात, हा आकडा पाठ करा, बाकी सगळा गुणाकार. साधा २ मेगापिक्सल कॅमेरा एच.२६४ मध्ये ४ एमबीपीएसवर असला तर दिवसाला ४३.२ जीबी, चार कॅमेऱ्याचे १७२.८ जीबी, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर साधारण २३ दिवस. तेच एच.२६५ मध्ये २ एमबीपीएसवर आणलं तर ४६ दिवस. विंडोज ४ टीबीला ३.६३ दाखवतंय म्हणून दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच. आणि सॉफ्टवेअरला पूर्ण डिस्क देऊ नका, दहा टक्के तरी मोकळी ठेवायची, म्हणजे जुनं पुसून नवं लिहिताना दम लागत नाही.

डिस्क कुठली, तर डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, ह्या सतत लिहिण्यासाठीच बनवलेल्या असतात. जुन्या लॅपटॉपातनं काढलेली डिस्क लावून 'चालतीय की' म्हणणारे भेटतात, चालती, कधी थांबली ते मात्र चोरी झाल्यावर कळतंय. विंडोज आणि सॉफ्टवेअर छोट्या एसएसडीवर, व्हिडिओ मोठ्या हार्ड डिस्कवर, अशी विभागणी ठेवा. जुने ऑफिसचे पीसी घेणार असाल तर अगदी टिचभर मिनी मॉडेल बघून भुलू नका, त्यात मोठी साडेतीन इंची डिस्क बसतच नाही, त्याच्यापेक्षा एक साईज मोठा आडवा डबा मिळतो तो घ्या.

चोवीस तास रेकॉर्ड करू का फक्त हालचाल झाल्यावर?

चोवीस तास करा आणि हालचालीवर खूण टाकायला सांगा. डिस्क आता एवढी महाग राहिली नाही. फक्त मोशनवर ठेवलं की जे नेमकं पाहिजे ते निसटतंय, माणूस हळू चालत भिंतीकडनं आला की सॉफ्टवेअर झोपलेलंच. उलट पावसाळ्यात रात्रभर नुसतं मोशनच मोशन, कारण कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड लाईटला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि कोळ्यानं काचेसमोर जाळं विणलं की त्याचा प्रत्येक धागा चमकतो. केरसुणी फिरवा, सॉफ्टवेअरमध्ये ह्याला औषध नाही.

लाईट गेली की काय?

पीसीवर रेकॉर्डिंग करणाऱ्यानं सगळ्यात जास्त विचार ह्याचा करावा. साधा यूपीएस लावाच, पण त्याच्यावर फक्त पीसी लावून उपयोग नाही, पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतनंच कॅमेऱ्यांना लाईट देणारा डबा) आणि राउटर पण त्याच्यावरच पाहिजेत, नाहीतर पीसी चालू आणि कॅमेरे बंद. मॉनिटर यूपीएसवर लावू नका, बॅटरी उगाच खातो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं नाहीतर पुढं यूपीएस मोड म्हणून बटण असतंय बऱ्याच मॉडेलला, ते त्या मोडवर टाका, नाहीतर लाईट जाता-येता होणाऱ्या क्षणभराच्या खंडात पीसी रिस्टार्ट होतो.

यूपीएस संपून पीसी बंद पडला तर लाईट आल्यावर तो आपला आपण सुरू झाला पाहिजे. त्यासाठी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडायची सेटिंग) 'एसी रिकव्हरी' किंवा 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं काहीतरी असतंय, ते 'पॉवर ऑन' वर ठेवायचं. आणि सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून चालवायचं, म्हणजे विंडोजला पासवर्ड टाकून कुणी आत जायची वाट न बघता रेकॉर्डिंग सुरू होतंय. हे लावल्यावर एकदा भिंतीवरचं बटण खरोखर बंद करून बघा. लावलंय म्हणून गप्प बसू नका.

लाईट बिल किती येईल?

पीसीला किती वॅट लागतात ते बघा, ते ०.७२ नं गुणलं की महिन्याचे युनिट आले. ३० वॅट खाणारा छोटा पीसी महिन्याला साडेएकवीस युनिट, जुनाट ८० वॅटवाला टॉवर जवळजवळ ५८ युनिट. म्हणजे फुकट मिळालेला जुना डबा दोन वर्षात फुकट राहत नाही, महावितरण वसूल करतंय.

त्याच पीसीवर टॅली चालवलं तर?

चालतंय, पण करू नका. मशीन झेपत नाही म्हणून नाही, माणसं झेपत नाहीत म्हणून. संध्याकाळी हिशोब झाला की घरी जाताना शटडाऊन करायची सवय असती, म्हणजे दिवसभर रेकॉर्डिंग आणि रात्री सगळा अंधार. सीएच्या ऑफिसातनं आलेला पेनड्राईव्ह पण ह्याच मशीनला लागणार. दुसरा पर्यायच नसंल तर पॉवर बटण दाबल्यावर 'काहीच करू नको' असं विंडोजमध्ये सेट करा, स्लीप आणि हायबरनेट बंद करा, मॉनिटरवर चिठ्ठी लावा, आणि टॅलीचा बॅकअप दुसरीकडं ठेवा.

विंडोज अपडेटमुळं रात्री रिस्टार्ट होतोय.

होणारच. ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे ज्या वेळात विंडोज आपणहून रिस्टार्ट होत नाही ते, जास्तीत जास्त १८ तासच देता येतात, त्यामुळं उरलेले सहा तास असे निवडा की दुकानात माणसं असतील, म्हणजे लोकं रात्रीचे निवडतात तसे नको, उलटं करायचं, दिवसाचे निवडायचे. प्रो व्हर्जन असलं तर ग्रुप पॉलिसीतनं आणखी ताबा मिळतो. अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगच्या फोल्डरमधनं बाहेर ठेवा, नाहीतर तो प्रत्येक व्हिडिओ फाईल चावून बघत बसतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनी मशीन ११ घेत नसंल तर दोन वाटा, एक तर लिनक्सवर जा, नाहीतर ती मशीन इंटरनेटपासनं तोडून फक्त कॅमेऱ्यापुरती ठेवा.

मोबाईलवर बाहेरनं बघायचंय. पोर्ट फॉरवर्ड करू का?

नको, नको, नको. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी दार उघडून ठेवणं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटनं (हॅक केलेल्या मशीनच्या फौजेनं) जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, कसे, तर लोकांनी कंपनीचा डिफॉल्ट पासवर्डच बदललेला नव्हता. त्यांच्या जोरावर त्याच वर्षी ऑक्टोबरात डाइन (Dyn) ह्या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर, हल्ला झाला आणि अमेरिकेत मोठमोठ्या साईट बंद पडल्या. आपल्या गल्लीतला कॅमेरा असल्या उद्योगात कशाला?

तसंही बऱ्याच फायबर कनेक्शनवर पोर्ट फॉरवर्ड चालतच नाही, कारण एकच पब्लिक आयपी कितीतरी घरात वाटलेला असतो. सोपं म्हणजे पीसीवर आणि मोबाईलवर टेलस्केल हे खासगी नेटवर्क जोडणारं ॲप टाका, दोन्हीकडं एकच लॉगिन, झालं, मोबाईल कुठंही असला तरी घरातल्या नेटवर्कमध्ये असल्यासारखं चालतंय. ज्याला स्वतः करायचंय त्यानं वायरगार्ड लावावं. कॅमेऱ्यांना राउटरमधनं इंटरनेट बंद करून टाका, त्यांना पीसीशी बोलायचंय, परदेशातल्या सर्व्हरशी नाही.

वायफाय कॅमेरे चालतील का वायरच ओढू?

वायर. एखादा कॅमेरा वायफायवर ठीक, पण चार-पाच वायफाय कॅमेरे एकाच राउटरवर लावले की शेजारच्या वायफायची भर पडून रेकॉर्डिंगमध्ये खड्डे पडतात, आणि आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतनं सिग्नल जातच नाही. पीओई असलं की एकाच वायरमधनं डेटा पण आणि लाईट पण, १०० मीटरपर्यंत बिनधास्त. साध्या पीओईत स्विचच्या पोर्टला १५.४ वॅट असतात, बहुतेक कॅमेऱ्यांना एवढी लागत पण नाही. केबल घेताना पूर्ण तांब्याची बघा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळती, ती लांब अंतरावर रात्री इन्फ्रारेड चालू झाला की कॅमेरा रिस्टार्ट करत बसती.

वळवाच्या पावसात विजा कडकडल्या की बाहेरनं आलेल्या लॅन वायरीतनं पोर्ट उडतात. घरातनं गोठ्यापर्यंत किंवा दोन शेडमधनं वायर न्यायची असंल तर तेवढ्या पट्ट्यात फायबर टाका, ते विजेला दाद देत नाही.

एवढा भारी कॅमेरा, तरी चेहरा ओळखू येत नाही.

कॅमेरा भारी आहे, जागा चुकलीय. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये ढोबळ माप दिलंय, अनोळखी माणसाची ओळख पटवायला एका मीटरमागं २५० पिक्सल पाहिजेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कुणीतरी आहे एवढंच कळायला २५. २ मेगापिक्सल कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सल, भागिले २५०, म्हणजे साडेसात मीटरपेक्षा रुंद जागा दाखवायला लागला की चेहरा गेला. लोकं एकाच कॅमेऱ्यात रस्ता, पार्किंग, दार, समोरचं वडाचं झाड सगळं बसवतात. एक कॅमेरा दारात, छातीच्या जरा वर, आत येणाऱ्याच्या तोंडासमोर लावा, बाकीचे लांबचं बघू देत.

चोरी झाली, पोलीस फुटेज मागतायत. कसं द्यायचं?

पहिलं, मोबाईलनं स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर टाकू नका. प्राथमिक बघायला ते चालंल, पुरावा म्हणून नाही. सॉफ्टवेअरमधनं मूळ फाईल एक्स्पोर्ट करा, परत कॉम्प्रेस न करता, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास धरून, आणि तो भाग पुसला जाऊ नये म्हणून लॉक करून ठेवा.

१ जुलै २०२४ पासनं पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. जुन्या कायद्यातल्या ६५-ब चं काम आता कलम ६३ करतंय. त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट लागतंय, एक भाग मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, ती पण लिहायची असती. सर्टिफिकेट लागतंच हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ठासून सांगितलं, ते पण आपल्या महाराष्ट्रातल्याच, जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात. हॅश काढायला काय विद्वान लागत नाही, सेव्हन-झिप असलं की फाईलवर राईट क्लिक करून एसएचए-२५६ मिळतंय.

आणि वेळ. कॅमेऱ्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असलं तर वकील तेवढ्यावरच खेळतो. कॅमेऱ्यांना इंटरनेट बंद केलंय ना, मग पीसीलाच टाइम सर्व्हर करा आणि कॅमेऱ्यात एनटीपीचा पत्ता म्हणून पीसीचा आयपी टाका.

शेजाऱ्याचं दार माझ्या कॅमेऱ्यात येतंय, काय होतं का?

भांडण होतंय. रस्ता आणि आपलं दार दिसलं तर ठीक, पण दुसऱ्याची खिडकी, न्हाणीघराची बाजू, गच्ची ह्यात येत असंल तर प्रायव्हसी मास्क टाकून तेवढा चौकोन काळा करा, तो शक्यतो कॅमेऱ्यातच टाका म्हणजे रेकॉर्डच होत नाही. कुणाच्या खासगी अंगाचं चित्रण त्याच्या परवानगीशिवाय केलं तर आयटी कायद्याचं ६६-ई लागतंय, त्यामुळं ट्रायल रूम, बाथरूम ह्या जागी कॅमेऱ्याचा विचार पण नको. दुकानात 'सीसीटीव्ही चालू आहे' अशी पाटी लावा.

आमचं घर पंचगंगेच्या बाजूला आहे, पीसी कुठं ठेवू?

वरच्या मजल्यावर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला पाणी त्याच्या किती वर गेलं हे शाहूपुरी-दसरा चौकवाल्यांना सांगायला नको, २०२१ ला परत तेच. स्विच आणि यूपीएस पण वरच. लोकं पीसी उचलून नेतात आणि स्विच जिन्याखाली विसरतात.

रेकॉर्डिंग खरंच होतंय हे कसं कळणार?

लाईव्ह चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नाही. आठवड्यातला एक वार ठरवा, प्रत्येक कॅमेऱ्याचं परवा रात्री तीन वाजताचं रेकॉर्डिंग उघडून बघा, आणि सगळ्यात जुनी क्लिप किती दिवसाची आहे ते बघा. २३ दिवसाचं गणित केलेलं आणि नऊच दिवस दिसत असले तर कुणीतरी बिटरेट वाढवलाय नाहीतर डिस्कमध्ये घोटाळा आहे. कॅमेरा तुटला किंवा डिस्कवर लिहिणं थांबलं तर मोबाईलवर मेसेज यायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असती, ती चालू करा.

वर्षाला मेंटेनन्स काय करायचा?

डबा उघडून धूळ काढा, वर्कशॉप असंल तर सहा महिन्यानं, लोखंडाचा भुगा फॅनमधनं आत जातो. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघा, 'पेंडिंग सेक्टर' समोर शून्याऐवजी दुसरं काही दिसायला लागलं की नवी डिस्क आणायची जोडणी लावा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षानं बदला. आणि मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा गोल सेल पण बदलून टाका, तो मेला की लाईट गेल्यावर पीसीची तारीख काही वर्षं मागं जाती, मग नव्या क्लिपवर जुनी तारीख पडती आणि 'जुनं आधी पुसायचं' ह्या नियमानं सॉफ्टवेअर आजचंच रेकॉर्डिंग पुसून टाकायला लागतंय. सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, नंबर सीआर २०३२.